डिप्रेशनची गोळी: कशी घ्यावी, कशी सोडावी

परळला केईएम रुग्णालयाच्या आसपास मेडिकलची दुकानं ओळीनं आहेत. त्यातल्याच एका दुकानात मी सतरा वर्षं फार्मासिस्ट आहे. डिप्रेशनच्या गोळीची चिठ्ठी घेऊन आलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. गर्दी ओसरेपर्यंत ते बाजूला थांबतं, चिठ्ठी घडी घातलेलीच पुढे करतं, आणि गोळ्या पिशवीत गेल्या की हळूच विचारतं, "ताई, याची सवय तर नाही ना लागणार?"

या प्रश्नाला दोन मिनिटांत धड उत्तर देता येत नाही. मागे पाच जण उभे असतात आणि विचारणाऱ्यालाही ते कोणी ऐकायला नको असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझ्या पाहण्यात या गोळ्यांचा त्रास लोकांना मुख्यतः दोन वेळांना होतो: सुरू केल्यावरचे पहिले तीन आठवडे आणि सोडतानाचे काही आठवडे. दोन्हीकडे कारण एकच, घाई. मधला काळ बहुतेकांचा सुरळीत जातो. त्यामुळे इथे या दोन टोकांनाच जास्त जागा दिली आहे. कोणती गोळी आणि किती मिलिग्रॅम हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, त्यात मी शिरणार नाही.

एक गोष्ट सगळ्यांत आधी. हे वाचताना तुमच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार असतील तर लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. किंवा घरातल्या कोणाला सोबत घेऊन सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

चिठ्ठी मिळण्याआधी

मुंबईत या आजारासाठी खाजगी डॉक्टरांची फी परवडलीच पाहिजे असं नाही. केईएम, नायर, सायन, कूपर आणि सरकारी जेजे, सगळीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. रांग असते, पण काम होतं. शक्य असेल तर घरातलं एक माणूस सोबत न्या. नैराश्यात माणसाला स्वतःचं नीट सांगता येत नाही. "काही नाही, झोप येत नाही इतकंच," असं म्हणून तो उठतो. गेले दोन महिने ताटावर बसून नुसता भात चिवडतोय हे बायको किंवा आईच सांगते.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काही गोष्टी आपण होऊन सांगायच्या. चालू असलेली सगळी औषधं: बीपीची, मधुमेहाची, रक्त पातळ करणारी, आयुर्वेदिक काढे, गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली वेदनाशामक गोळी. फिट येण्याचा इतिहास, हृदयाचा किंवा काचबिंदूचा त्रास. दारू किती आणि किती वेळा, हे खरं खरं. स्त्री असेल तर गर्भारपण किंवा त्याचा विचार.

आणि एक गोष्ट जी जवळजवळ कोणीच आपण होऊन सांगत नाही: याआधी कधी उलटा काळ आला होता का? म्हणजे सलग काही दिवस दोन-तीन तास झोपूनही अंगात प्रचंड जोर, बोलणं थांबत नाही, भराभर खर्च, मोठमोठ्या योजना. तसं झालं असेल, किंवा आईवडील-भावंडांपैकी कोणाला झालं असेल, तर हा आजार बायपोलर असू शकतो. त्या आजारात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस नैराश्यातून थेट उन्मादात जाण्याचा धोका असतो. तिथे उपचारच वेगळा असतो. ती चार वाक्यं ओपीडीत बोलली गेली नाहीत म्हणून पुढे वर्षभराचा घोळ झालेली घरं मी पाहिली आहेत.

डॉक्टर बहुधा थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या सांगतात. टाळू नका. थायरॉइड मंद झाला की माणूस अगदी नैराश्यासारखाच सुस्त आणि उदास होतो, आणि पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवीन नाही. नैराश्य सौम्य असेल तर गोळी हा पहिला उपाय धरतही नाहीत. समुपदेशन, झोपेची शिस्त, व्यायाम यांनी सुरुवात होते. मध्यम आणि तीव्र आजारात मात्र गोळीची गरज पडते, आणि गोळीबरोबर समुपदेशन मिळालं तर उत्तम.

गोळी पोटात गेल्यावर काय होतं

या औषधांची जन्मकथा क्षयरोगाच्या दवाखान्यातली आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे नवं औषध क्षयरोग्यांना देऊन पाहत होते. रुग्ण अचानक उत्साही झाले, जेवायला लागले, एकमेकांत मिसळायला लागले. त्यातून पहिलं नैराश्यविरोधी औषध सापडलं. साधारण त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांना इमिप्रामिन या औषधाचा असाच गुण दिसला. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या गटातलं फ्लुओक्सेटिन अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये मंजूर झालं. क्षयरोगाचा हा धागा पुढे पुन्हा येणार आहे, मुंबईकरांसाठी तो महत्त्वाचा आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे सूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन हे निरोप नेणारं रसायन सोडते, समोरची पेशी ते टिपते, निरोप पोचतो. उरलेलं सेरोटोनिन पहिली पेशी पुन्हा आत ओढून घेते. हे ओढून घेण्याचं काम करणारं एक प्रथिन असतं. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन या गोळ्या त्या प्रथिनाला अडवतात, त्यामुळे फटीत सेरोटोनिन जास्त वेळ राहतं. या गटाला एसएसआरआय म्हणतात. व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन या एसएनआरआय गटातल्या गोळ्या सेरोटोनिनसोबत नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या निरोप्या रसायनालाही तसंच फटीत जास्त वेळ ठेवतात.

हे अडवणं पहिल्या गोळीनंतर काही तासांतच होतं. मग बरं वाटायला महिना का लागतो? कारण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरच एक पहारा असतो. बाहेर सेरोटोनिन वाढलं की तो पेशीला सांगतो, हात आखडता घे. त्यामुळे सुरुवातीला गोळीचा जोर आणि पहाऱ्याचा जोर एकमेकांना खोडून काढतात. रोज गोळी जात राहिली की दोन-तीन आठवड्यांत पहारा सैलावतो आणि मग खरा परिणाम सुरू होतो. त्याच काळात पेशींमधल्या जोडण्याही नव्याने बांधल्या जातात. मनःस्थिती बदलण्याआधी अगदी थोड्या दिवसांतच एक सूक्ष्म फरक पडतो असंही संशोधनात दिसलं आहे: समोरच्याच्या चेहऱ्यावर राग आणि नापसंतीच वाचण्याची मनाची सवय थोडी कमी होते. रुग्णाला स्वतःला ते कळत नाही. घरच्यांना कधीकधी कळतं.

"डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिनची कमतरता" हे वाक्य मात्र विसरा. आजार इतका सरळ नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अशा कमतरतेचा ठोस पुरावा आढळला नाही, आणि त्यावरून गोळ्याच खोट्या असल्याचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. पाय मुरगळल्यावर बर्फाने सूज उतरते, म्हणून पायात बर्फ कमी पडला होता असं आपण म्हणत नाही. गोळी चालते की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची परीक्षा वेगळी झाली आहे. २०१८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्र अभ्यास आला. त्यातली सगळी २१ औषधं बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक फार मोठा नव्हता, हेही खरं. काहींना ही गोळी आयुष्य परत देते, काहींना थोडी मदत करते, काहींना लागूच पडत नाही.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असतं, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशीही ते वापरतात. म्हणून या गोळीने आधी पोट बिघडतं, आणि म्हणूनच ती रक्तस्रावाचा धोका थोडा वाढवते.

पहिले तीन आठवडे

गोळी सुरू केली त्या दिवसावर भिंतीवरच्या कालनिर्णयात खूण करा. तिथून दुसरा, चौथा आणि सहावा आठवडा मोजून तिथेही खुणा करा. नैराश्यात दिवस मोजता येत नाहीत. "महिना झाला, काही फरक नाही" म्हणणाऱ्याचे प्रत्यक्षात नऊ दिवस झालेले असतात.

मळमळ, डोकेदुखी, पातळ जुलाब, तोंड कोरडं पडणं, जास्त घाम, झोपेचं वेळापत्रक बिघडणं, हे सुरुवातीचे नेहमीचे त्रास. बहुतेक एक-दोन आठवड्यांत ओसरतात. मळमळीसाठी गोळी जेवणानंतर घ्या. सकाळी रिकाम्या पोटी गोळी आणि वर चर्चगेट फास्टमधली गर्दी, असं करून मधल्याच स्टेशनवर उतरावं लागलेली बरीच माणसं माझ्याकडे येतात. वेळ बदलायला हरकत नसते, फक्त डॉक्टरांना विचारून बदला. गोळीने गुंगी येत असेल तर रात्री, झोप उडत असेल तर सकाळच्या नाश्त्यानंतर. एकदा ठरली की वेळ रोज तीच. एकादशी, चतुर्थी, नवरात्रातही गोळी चुकवायची नाही. उपवासाचं काही खाऊन पाण्याबरोबर घ्यायची.

पहिल्या आठवड्यात जिवाची घालमेल उलट वाढू शकते. डॉक्टर म्हणूनच लहान मात्रेने सुरुवात करतात. पण एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, आतून काहीतरी ढकलतंय असं वाटतं, इतकी अस्वस्थता असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

याहून गंभीर गोष्ट घरच्यांनी नीट वाचावी. नैराश्यात माणूस इतका थकलेला असतो की वाईट विचार असूनही हातून काही होत नाही. गोळी सुरू झाल्यावर कधीकधी मन सावरण्याआधी अंगात बळ येतं. मधले ते दिवस जोखमीचे. तरुणांमध्ये तर विशेष: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये लहान मुलं आणि किशोरवयीनांसाठी, आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात असा ठळक इशारा या औषधांवर छापायला लावला. याचा अर्थ तरुणांना गोळी देऊ नये असा नाही. अर्थ असा की पहिले काही आठवडे घरातल्या कोणीतरी लक्ष ठेवायचं, पाकिटं आपल्या ताब्यात ठेवून रोजची गोळी हातात द्यायची, आणि सरळ विचारायचं, "जीव द्यावासा वाटतो का रे?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात तो आहे त्याला बोलायला वाट मिळते. आमच्याकडे तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागितल्या की मी आधी विचारते, पहिलीच वेळ आहे का. पहिली वेळ असेल तर पंधरा दिवसांच्याच न्या.

सुरुवातीच्या चिठ्ठीत बऱ्याचदा क्लोनाझेपॅमही असतं, वेगळं किंवा एस्सिटालोप्रॅमच्या एकाच गोळीत मिसळलेलं. ते पहिल्या आठवड्यांतली घालमेल आणि जागरण थोपवण्यासाठी. सवयीचा प्रश्न लोकांनी विचारावा तो खरं तर या गोळीबद्दल. क्लोनाझेपॅमची सवय लागते, मात्रा वाढवावीशी वाटते, आणि दीर्घ वापरानंतर ते एकदम बंद केलं तर फिटसुद्धा येऊ शकते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तुमच्या पाकिटावर दोन औषधांची नावं असतील तर डॉक्टरांना विचारा की यातलं क्लोनाझेपॅम किती आठवड्यांसाठी आहे. शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्याकडून आणलेल्या गोळीत हेच लपलेलं असतं.

लैंगिक परिणामांबद्दल काउंटरवर कोणीच बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. एसएसआरआय गटात इच्छा कमी होणं, स्खलनाला किंवा परमोच्च सुखाला उशीर होणं हे अगदी सर्रास दिसतं, पुरुषांत आणि स्त्रियांतही. हे बाकीच्या त्रासांसारखं आपोआप जातंच असं नाही. लोक लाजेने डॉक्टरांना सांगत नाहीत आणि गोळीच बंद करतात. डॉक्टरांसाठी हा नेहमीचा विषय आहे. मात्रा कमी करता येते, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारखं दुसरं औषध देता येतं. मिर्टाझापिनने झोप आणि भूक वाढते, वजनही. बुप्रोपिऑन फिटचा त्रास असलेल्यांना देत नाहीत. प्रत्येक पर्यायाला अशी काही किंमत असते, म्हणून अदलाबदल आपल्या मनाने नको.

साठी ओलांडलेल्यांसाठी

हा भाग माझ्या घरातला आहे. बाबा गेल्यावर आईला एस्सिटालोप्रॅम सुरू झालं तेव्हा ती ७१ वर्षांची होती. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून चालू होती. मे महिना, चाळीतली वरच्या मजल्याची खोली, दिवसभर घामाच्या धारा. तिसऱ्या आठवड्यात ती अडखळायला लागली, गॅस चालू ठेवून विसरली, एकदा मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. आम्ही म्हटलं वय झालं, बाबांचा धक्का आहे. दोन दिवस मी तसेच जाऊ दिले. रक्त तपासलं तेव्हा सोडियम खूप खाली आलेलं होतं, दाखल करावं लागलं. एसएसआरआय गोळ्यांनी वृद्धांमध्ये शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम घसरतं; लघवीच्या गोळीबरोबर हा धोका वाढतो. मी रोज हीच औषधं हातात धरणारी बाई, आणि मला ते वेळेवर सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून वय ६० च्या पुढे असेल तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत सोडियमची तपासणी कधी करायची हे डॉक्टरांना विचाराच. गोंधळ, अडखळणं, अति झोप, न थांबणारी डोकेदुखी दिसली तर वयावर ढकलू नका. एस्सिटालोप्रॅमची मात्रा वृद्धांत मुद्दाम कमी ठेवतात कारण जास्त मात्रेत ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. हृदयरोगाची औषधं चालू असतील तर ईसीजी लागतो.

कशाबरोबर घेऊ नये

मेडिकलमध्ये दुसरं काहीही घ्यायला जाल तेव्हा डिप्रेशनची गोळी चालू आहे हे सांगा. कुजबुजत सांगितलं तरी चालेल. सर्वांत जास्त गडबड होते ती साध्या वाटणाऱ्या औषधांनी.

कोरड्या खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. तीव्र वेदनेसाठी ट्रॅमॅडॉल देतात. दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. आणि आता तो क्षयरोगाचा धागा: मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्याच्या उपचारात लिनेझोलिड हे औषध महत्त्वाचं आहे. १९५२ चं ते आयप्रोनियाझिड शरीरातल्या ज्या विकराला (एन्झाइमला) रोखायचं, त्यालाच लिनेझोलिडही थोडं रोखतं. डिप्रेशनच्या गोळीवर ते पडलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. टीबीचे डॉक्टर वेगळे, मनाचे डॉक्टर वेगळे, केस पेपर वेगळे. हे दोन कागद एकमेकांना दाखवण्याचं काम रुग्णाच्या घरच्यांनाच करावं लागतं. घरात असा रुग्ण असेल तर दोन्ही फाइली एकाच पिशवीत ठेवा आणि दोन्ही ठिकाणी न्या. मात्र मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

सेरोटोनिन अति झाल्याची खूण अशी: हातापायांना थरथर, अंगाला झटके किंवा ताठरपणा, दरदरून घाम, ताप, जुलाब, प्रचंड अस्वस्थता, आणि हे सगळं नवं औषध घेतल्यावर काही तासांत. अशा वेळी लिंबूपाणी देत बसू नका, कॅज्युअल्टी गाठा.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांच्याबरोबर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. कारण वर आलंच आहे, प्लेटलेट. अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल बरं. अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर डॉक्टर पोटाचं संरक्षण करणारी गोळी जोडतात. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दाखवा.

टाटा मेमोरियल आमच्यापासून जवळ, त्यामुळे स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायका बऱ्याच येतात. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या दोन गोळ्या टॅमॉक्सिफेनचं शरीरात प्रभावी रूपांतर होऊ देत नाहीत. अशा रुग्णांसाठी दुसरे पर्याय आहेत. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना टॅमॉक्सिफेनचं नाव सांगणं इतकंच करायचं आहे.

दारू टाळा. ती स्वतःच मन खचवते, आणि गुंगी वाढवते.

आणि ब्रँडची नावं. एकाच एस्सिटालोप्रॅमला बाजारात कितीतरी नावं आहेत. एका काकूंना फॅमिली डॉक्टरांनी एका नावाने दिलं होतं, ओपीडीत दुसऱ्या नावाने. त्या दोन महिने दोन्ही घेत होत्या. पाकिटावर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा किंवा आम्हाला वाचून दाखवायला सांगा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मधुमेहाच्या मज्जातंतूदुखीसाठी ड्युलोक्सेटिन किंवा अर्धशिशीसाठी लहान मात्रेत अमिट्रिप्टिलिनही देतात, तेव्हा इंटरनेटवर "डिप्रेशनची गोळी" वाचून दचकू नका. अमिट्रिप्टिलिन जुन्या गटातलं आहे. जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हृदयाला फार घातक, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर कुलपात.

सहा आठवडे झाले तरी फरक नाही

आधी झोप आणि भूक सुधारते, मग कामाला हात लागतो, आनंद सगळ्यांत शेवटी येतो. चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच हललं नसेल, किंवा सहाव्यापर्यंत अर्धवटच फरक असेल, तर खूण केलेल्या तारखेला डॉक्टरांकडे जा. पहिलीच गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासात, २००६ च्या निष्कर्षांनुसार, पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले रुग्ण सुमारे एक तृतीयांश होते. बाकीच्यांना मात्रा वाढवणं, औषध बदलणं किंवा दुसरं जोडणं लागलं. दुसरी गोळी मागणं हा तुमच्या आजाराचा किंवा मनोबलाचा पराभव नाही. मात्र बदलण्याआधी स्वतःला विचारा, गोळी रोज घेतली का? एखाद्या दिवशी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या, दोन एकदम नको.

बरं वाटायला लागल्यावर

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. तीन महिन्यांनी माणूस हसायला लागतो, सासू म्हणते, "आता झालं की बरं, कशाला त्या गोळ्या." पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने तीच मात्रा चालू ठेवतात. आजार दुसऱ्या-तिसऱ्यांदा उलटला असेल तर दोन वर्षं किंवा अधिक. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळी घेऊन बरे असलेल्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोळी सोडलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांना वर्षभरात आजार पुन्हा झाला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना. म्हणजे सोडूनही ठीक राहणारे पुष्कळ आहेत, आणि घेऊनही उलटतो असेही आहेत. म्हणून निर्णय ज्याचा त्याचा, डॉक्टरांबरोबर बसून.

गर्भ राहिल्याचं कळल्यावर घाबरून त्याच दिवशी गोळी फेकू नका. उपचार न झालेलं नैराश्यही बाळाला आणि आईला त्रासदायक असतं. डॉक्टर सुरक्षित पर्याय ठरवतात. पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळतात.

पावसाळ्यात गोळ्या पाकिटातून सुट्या काढून ठेवू नका, ओल लागते. मोरीजवळ किंवा गॅसच्या वरच्या फळीवर नको, कपाटात स्टीलच्या डब्यात ठेवा. आणि आठ-दहा दिवसांचा साठा हाताशी असू द्या. जुलैत लोकल बंद पडली की दुकानापर्यंत पोचणं होत नाही.

सोडताना

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. एसएसआरआय गोळीची सवय दारू-तंबाखूसारखी लागत नाही. तिची तल्लफ येत नाही, नशा नाही. पण मेंदू तिच्यासकट घडी बसवतो. ती एकदम काढून घेतली तर ती घडी विस्कटते.

दरवर्षी गणपतीत मला हे दिसतं. माणसं दहा दिवसांसाठी कोकणात जातात आणि गोळ्या मुंबईच्या घरी राहतात. एकदा सावंतवाडीकडून एका दादांचा फोन आला. व्हेनलाफॅक्सिन घेणारे. "ताई, डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय, मान वळवली की चक्कर, रात्री भयानक स्वप्नं. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय." तीन दिवस गोळी नव्हती, इतकंच. गावातल्या मेडिकलला ती नव्हती, तालुक्याहून मागवली, दुसऱ्या दिवशी ते आरतीला उभे होते. बॅग भरताना आधी गोळ्या, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये, आणि मूळ औषधाचं नाव पाठ.

कोणती गोळी सोडताना किती त्रास देते हे ती शरीरातून किती लवकर निघून जाते यावर अवलंबून असतं. व्हेनलाफॅक्सिन काही तासांत निम्मं होतं, पॅरॉक्सेटिन साधारण दिवसभरात; म्हणून या दोन्ही सोडायला अवघड. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य कित्येक दिवस रेंगाळतं, त्यामुळे ते स्वतःच हळूहळू उतरतं.

लोकांचा अंदाज असा असतो की २० मिलिग्रॅमवरून १० वर येणं अवघड आणि शेवटचं ५ सोडणं सोपं. प्रत्यक्षात उलट आहे. थोड्याशा औषधानेही मेंदूतली ती ओढून घेणारी प्रथिनं मोठ्या प्रमाणात अडलेली असतात. त्यामुळे २० वरून १० वर येताना मेंदूला फरक कमी जाणवतो, आणि ५ वरून शून्यावर येताना पायरी एकदम खोल असते. म्हणूनच शेवटचे टप्पे सर्वांत लहान आणि सर्वांत सावकाश घ्यावे लागतात. काहींना चार आठवडे पुरतात, वर्षानुवर्षं घेतलेल्यांना कित्येक महिने लागू शकतात. प्रत्येक पायरीनंतर दोन-चार आठवडे थांबून पाहायचं, त्रास झाला तर डॉक्टरांशी बोलून मागच्या पायरीवर यायचं. एक दिवसाआड घेऊन सोडायची घरगुती युक्ती पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला चालत नाही. रक्तातली पातळी रोज वरखाली होते आणि त्रास वाढतो. दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल तोडू, कुटू किंवा उघडू नका. लहान मात्रा लिहून घ्या. मुलीचं लग्न, परीक्षा, नोकरी बदल, घर हलवणं, बाळंतपण यांच्या तोंडावर सोडायला सुरुवात नको.

सोडल्यावर होणारा त्रास हा आजार परतल्याचा आहे की गोळी सुटल्याचा, हे ओळखायला तारखा लागतात. गोळी सुटल्याचा त्रास बहुधा दिवसांत सुरू होतो, त्यात चक्कर, करंट, मळमळ, चिडचिड असते, आणि गोळी परत घेतली की एक-दोन दिवसांत थांबतो. आजार परततो तो आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू: आधी झोप तुटते, मग फोन उचलावासा वाटत नाही, मग आंघोळ टळते. तुमची पहिली खूण कोणती होती ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.

शेवटची गोळी घेतली त्या तारखेवर कालनिर्णयात खूण करा, जशी पहिलीवर केली होती. तिथून एक, तीन आणि सहा महिने मोजून ओपीडीचे वार लिहा, आणि ठीक वाटत असलं तरी त्या दिवशी केस पेपर घेऊन जा.